फटफटी सुधरली, आता जेवू कोनाघरी?

सुधरली ना! सुधरली, बापा, सुधरली! एका लातेत चालू होते, आता का नाचू? जो भेटते तो इचारते, "का चेकरबाबू, फटफटी सुधरली म्हन्तेत?" अन् मी हो म्हनलं का पाठीवर थाप मारते, "वा वा, मिठाई पाह्यजे!" मिठाई! अरे, कोनाचं घर जळालं तं तुमी त्याले मिठाई मागता का? ... हसा. हसून घ्या. तुमच्या घरी बाई हाय, पोट्टे हायेत, तुमी घरी गेले का कोनी तरी "आले का?" म्हन्ते. तुमाले का समजन, सुधरलेली गाडी का चीज राह्यते!

चहा सांगा. बसून सांगतो.

मी राह्यतो फुलचूरले, एका खोलीत. रुख्मा, माही घरवाली, गेली तवापासून एकटाच. सकाळी एक गंजभर भात टाकतो, तोच सकाळी खातो, तोच संध्याकाळी खातो, अन् खाता खाता भिताडासंग बोलतो. भिताड बरं हाय, उलट बोलत नाही. अन् धंदा का? गुलाबचंद सेठच्या बिडी कारखान्याचा चेकर! आता चेकर मंजे का ते तुमाले का सांगू, या मुलखात कोनाच्या घरी बिडी वळत नाही? बायका दिवसभर सुपात पानं-तंबाखू घेऊन वळतेत, बोटं काळी करतेत, अन् मी जातो, बंडल सोडतो, अन् म्हन्तो, "हे वाकडी... छाट! हे पोकळ... छाट! याचं तोंड नाही मुडपलं... छाट!" अन् ते छाट झालेली बिडी मंजे त्या बाईची मेहनत पान्यात. आता सांगा, अशा मानसाले कोन म्हनन, "या बाबू, बसा"? मी गावात घुसलो का पयले कुत्रे भुकतेत, मंग बायका वरडतेत, "चेकर आला वं, चेकर आला!" अन् धडाधड दरवाजे! सुपं आत, बंडलं खाटेखाली, म्हातारे आजारी! दिवसभर लय मानसं दिसतेत मले, पन सारी पाठमोरी.

अन् मंग आली हे फटफटी. लढाई सरली तवा फौजेचं सामान लिलावात निघालं, त्यात सेठनं घेतली. सेठचा पोरगा बसला अन् पयल्याच दिवशी शिंगाड्याच्या तलावात गेला. गाडीसकट! तं सेठनं मले दिली. "केशोराव, ले जाओ। तुम्हारे आगे-पीछे कोई है नहीं, तुम चलाओ।" पाहा! सेठ लोकाचा इचार किती बारीक राह्यते पाहा!

तं या गाडीच्या कारबेटरमधी... थांबा, कारबेटर मंजे का ते माहीत हाय ना? गाडीचं तोंड होय ते. तिथी पेट्रोल अन् हवा कालवून इंजनले घास भरवतेत. त्याच्यात पितळेची एक नळी राह्यते. हातातली मूठ पिळली का नळी वर, सोडली का खाली, दिवसभर तिचा हाच धंदा. अन् फौजेतल्या गोऱ्यांनी ते इतली वरखाली केली होती, इतली वरखाली केली होती, का झिजून झिजून डब्यात खडा हालल्यासारखी खडखड करे. बाजूनं हवा घुसे. मूठ पिळून ठेवली तवरिक चाले, अन् मूठ सोडली का... फट्... फट्... फुस्! मेली! अन् एक डाव गरमागरम मेली का मंग तुमी लाता मारा, शिव्या द्या, नागऱ्याच्या महादेवाले नारळ बोला, काही उपेग नाही. थंडी झाली का मंगच उठे. बिलकूल सेठच्या पोरासारखी.

आता कामठ्याच्या रस्त्यावर तलाव हाय, पाह्यला ना? त्याची पार, मंजे तलावाचा बांध, चढाले मूठ पुरी पिळा लागते. पार उतरली का समोर कामठा गाव, बैलं, कोंबड्या, पोट्टे... मूठ सोडा लागते. अन् सोडली का फुस्! अन् फुस् झाली का गाडी आपल्या वजनानं गडगडत गडगडत कुठी थांबे? तं बिसराम नावाच्या एका बुढ्याच्या दारापुढं. दर खेपी! तुमाले सांगतो, बैलगाडीचा बैल दाना पाहून थांबते तसी हे गाडी तिथीच थांबे. एक हात पुढं नाही, एक हात मागं नाही.

पयल्या डावाले मी घाबरलो. म्हनलं आता हे बाया मले कुटतेत! अन् का सांगू... कोनीच पळालं नाही! काऊन पळतीन? बंद पडलेल्या गाडीवरचा चेकर का चेकर राह्यते? तो तं घाम गाळनारा एक बिचारा मानूस! सारी गल्ली जमली. एक म्हन्ते, "मांगून ढकला जी." दुसरा म्हन्ते, "याच्यात पानी टाका." एक बुढी पुढं आली, बिसरामची बायको धुरपता, सत्तरीची, तोंडात दात चार पन जीभ पुरी. कंबरेवर हात ठेवून मले म्हन्ते, "काऊन रे छाटवाल्या! आमच्या बिड्या छाटतेस, आता हेले छाट ना!"

सारी गल्ली हसली. मी पन हसलो, बापा. रुख्मा गेली तवापासून कोनी मले हसलं नव्हतं. मांगं हसत असतीन, पन तोंडावर, मायेनं, नाही.

मंग म्हन्ते, "उभा काऊन हायेस? बस. थंडी होवाले वेळ लागन ना तिले?" गुळाचा चहा देल्लन. संग मुर्रा, मूठभर चुरमुरे. बिसराम खाटेवर बसला होता. तो बिसराम असा मानूस का, तुमी त्याले "राम राम" म्हनलं तं तुमी दुसऱ्या गावाले पोचल्यावर तो "राम राम" म्हनन. लय सावकाश! गाडीकडे पाहे, माह्याकडे पाहे, अन् चहा सरल्यावर म्हने, "बंद... पडली?"

तवापासून दर आठवड्याले असंच. गाडी फुस्, चहा, मुर्रा, धुरपताच्या शिव्या. मंग सारी गल्ली धक्का मारे, "हेइसाऽ" करून पोट्टे पळत, अन् गाडी चालू झाली का आरडाओरड असी का जसा काही मी लगन लावून नवरीले घेऊन चाललो! अन् मी का करे? शिव्या देऊन राह्यलो गाडीले! जिथी जाईन तिथी एकच रडगानं, हे गाडी माह्या मागची साडेसाती होय, हेले भंगारात द्या. मानसाले आपलं सुख ओळखू येत नाही, तेच्यासाठी तं ते हातचं जाते.

हे औंदा, नये पैसे चालू झाले ना, याच साली, दिवाळीच्या आंगं धुरपता म्हन्ते, "मंडईले कोनाघरी जातेस रे?"

आता पाहा. मंडई! आपल्या झाडीत दिवाळी सरली का गावोगाव मंडई. लेकी येतेत, जवाई येतेत, इवाई-इहीन येतेत, रातभर दंडारीचं नाटक, घरोघरी सुवाऱ्या, वडे. अन् मंडईले जाचं मंजे कोनाच्या तरी घरी जाचं, बोलावनं पाह्यजे. बिनबोलावता मंडईले गेलेला मानूस मंजे... जाऊ द्या. मले कोन बोलावन? रुख्माचे मायबाप होते तवरिक बोलावत. आता चुलीपुढं बसून, कोनत्या गावाची मंडई आज, ते वाऱ्यावर ढोल आयकून ओळखतो मी.

मी म्हनलं, "कोनाघरी जाऊ माय? मले कोन बोलावते?"

तं धुरपता मले पाह्यत राह्यली. आता तिनं मले सीधा बोलावलं असतं तं गल्ली तिले का म्हनली असती? चेकरले मंडईचं बोलावनं! आपल्या बिड्या पास कराले जेवू घालते बुढी, असं म्हनले असते ना! तं ते मोठ्यानं, साऱ्याईले आयकू जाईन असं म्हन्ते, "बोलावत नाही बापा मी कोनाले! पन मंडईच्या दिवशी तुही गाडी माह्या दारात बंद पडली, तं दारातल्या मानसाले मी उपाशी धाडत नसतो. जेवूनच जाशीन. समजलं?"

समजलं! मले नाही समजनार तं कोनाले समजन! तुमाले सांगतो, कामठ्यापासून फुलचूरपर्यंत मी गानं म्हनत आलो. गाडी तीन जाग्यावर बंद पडली, मी तिचे मुके घेतले!

अन् गोंदियाले कारखान्यावर आलो तं सेठ दारातच उभा. "केशोराव, हर हफ्ते कामठे से शाम को लौटते हो। ये क्या तमाशा है? गाडी दो चुन्नीलाल को।" मी म्हनलं, "सेठजी, मंडईच्या बादमधी देतो." "नहीं, आज!" मी म्हनलं, "सेठजी, चाल्ते बराबर." तं सेठ म्हन्ते, "कल तो तुम बोलते थे भंगार में दो!" ... आपलीच जीभ, आपलेच दात.

चुन्नीलाल मिस्त्री मंजे राइस मिलची इंजनं सुधरवनारा. याच्या आंधी दहा मिस्त्री त्या कारबेटरले हात लावून हरले होते. एकानं नळीले बिडीचा धागा गुंडाळला, एकानं लाख लावली, एक म्हने विलायतेतून पार्ट येईन. मले वाटलं, हाही हरन. मी त्याले म्हनलं पन, "चुन्नीलालभाऊ, घाई नका करू. मंडई होऊ द्या. काम कठीन हाय." तं तो पेटला ना! मूर्ख मी! मिस्त्रीले कधी 'कठीन हाय' म्हनाव का? छाती फुगवून म्हन्ते, "कठिन? चुन्नीलाल के लिए कठिन? बाबूजी, बैठो यहाँ, और देखो!"

अन् मी बसलो, अन् पाह्यलं. माह्याच डोळ्यानं पाह्यलं, बापा, माह्या जेवनाचं मरन! मिलच्या खरादावर पितळेचा गट्टू चढवला त्यानं. किर्रर्र... पितळेची सोनेरी भुकटी उडून राह्यली, तो घडीघडी थांबते, नळी कारबेटरमधी घालून पाह्यते, मान हालवते, परत चढवते. कारबेटरचं भोक पन झिजून लांबडं झालं होतं, ते गोल केलन. आतली सुई नवी घडवली. मी मधामधात म्हनून राह्यलो, "बस ना भाऊ, आता बस, थोडी ढिली चाल्ते..." "ढीली? चुन्नीलाल का काम ढीला?" अन् तेल लावलन, घासलन, पुसलन, नळी उभी धरून सोडली... तं ते नळी पडली नाही! सावकाश, इहिनीसारखी, मान धरून खाली उतरली. चुन्नीलालच्या डोळ्यात पानी. माह्या पन. त्याचं येगळं, माहं येगळं.

"बाबूजी, अब हवा भी पूछ के अंदर जाएगी। दस साल की गारंटी!"

दस साल! म्हनलं, "भाऊ, मंडई परवा हाय." तं म्हन्ते, "मंडई क्या, दिल्ली जाओ!"

सुधरली, बापा, सुधरली.

आली मंडई. मी धोतर धुतलेलं नेसलो, टोपी नवी, धुरपतासाठी बत्तासे घेतले, अन् निघालो. नागरा मांगं गेलं. गाडी असी चालली, टुक टुक टुक टुक, राइस मिल सारखी, हुं का चूं नाही. मी म्हनलं, चालू दे आता, पार उतरल्यावर मरशीन. पार चढलो. पार उतरलो. मूठ सोडली. डोळे मिटले...

टुक टुक टुक टुक.

म्हनलं, मर! टुक टुक. मर ना वं माय, आजचा दिवस मर! टुक टुक टुक टुक! अन् बिसरामचं दार आलं, खाटेवर बिसराम बसलेला, मले पाहून त्याचा हात वर याले लागला, अन् तो हात खांद्यापर्यंत येईस्तवर मी दार वलांडून पुढं!

आता तुमी म्हनसान, काऊन रे लेका, थांबता येत नव्हतं? थांबलो ना! दोन घरं सोडून थांबलो, गाडी चालूच. अन् का झालं मालूम हाय? सारी गल्ली पाव्हन्यानं भरलेली, बायका नवी लुगडी नेसलेल्या... कोनीतरी वरडली, "चेकर आलाऽ! मंडईच्या दिवशी बी आला वं मेला!" अन् धडाधड दरवाजे! बिड्या कोनाच्या हातात नव्हत्या, मंडईच्या दिवशी कोन बिड्या वळते? पन सवय! एक जवाई बिचारा वड्याची परात घेऊन खाटेखाली घुसला, त्याले का मालूम मी का छाटतो! आपल्या पायानं थांबला तो चेकर, बापा. मले पुसा तो धडाधड आवाज. एकट्या गल्लीत मी, अन् मधात माही फटफटी, टुक टुक टुक टुक.

धुरपता मांगं चुलीपाशी सुवाऱ्या तळत होती. तिले दिसलंच नाही.

मंग मी पारीवर परत गेलो. म्हनलं, इंजन हातानं बंद करून 'बंद पडली' म्हनू? नाही बापा, मले खोटं नाही बोलता येत. गाडीनं आपल्या हातानं मराव. तं मी पेट्रोलच्या टाकीची चावी बंद केली. पेट्रोल सरलं का दारापुढं आपोआप मरन! जुना कारबेटर असता तं चार हातावर मेली असती, तो पेट्रोल खातच नव्हता, सांडतच होता. पन हा चुन्नीलालचा! एक थेंब वाया नाही! कारबेटरच्या वाटीतल्या चुळकाभर पेट्रोलवर ते माही माय पार उतरली, बिसरामचं दार वलांडलं... बिसरामचा हात पयल्या डावाचा वरच होता... गल्ली वलांडली, दंडारीच्या मांडवापासून गेली, मानसं बाजूले झाली, पाळन्यावरचे पोट्टे हात हालवून राह्यले, अन् गावाच्या पार पल्याड, धानाच्या बांधीत, जिथी कुत्रं नाही का कावळा नाही, तिथी... फट्... फट्... फुस्!

तिथी मेली. कटलेल्या धानाच्या मधात मी एकटा, मांगून दंडारीचा ढोल आयकू येऊन राह्यला, खिशात बत्तासे. तुमाले खरं सांगतो, मी तिथी बांधावर बसलो अन् रडलो. इतला मोठा मानूस, नवी टोपी घालून. रुख्मा असती तं म्हनली असती, "काऊन रडता जी, मंडईच तं होय." पन ते असती तं मी रडलोच काऊन असतो?

मंग म्हनलं, मेली तं हाय ना! दारात नाही मेली, पन मेली. उठलो, अन् ढकलाले लागलो. फौजेची गाडी ते, दोन बैलाचं वजन! धुतलेलं धोतर चिखलात, टोपी तिरपी, घाम डोळ्यात. पन पाहा गंमत, मी ढकलत येऊन राह्यलो पाहून एक दरवाजा बंद झाला नाही! "अरे, चेकरबाबूची पडली जी!" पोट्टे धावले, जवाई खाटेखालून निघाला, सारी गल्ली, "हेइसाऽ हेइसाऽ!" बिसरामच्या दारात आनून उभी केली गाडी. धुरपता बाहेर आली, हाताले पीठ, कपाळाले घाम. मी दम टाकत म्हनलं, "माय... बंद पडली."

बिसराम खाटेवरून उठला. सावकाश. गाडीपाशी आला, सावकाश. वाकला. साऱ्या इवायासमोर, जवायासमोर, जिंदगीत पयल्या डावाले बिलकूल वेळेवर तो बुढा बोलला: "चावी... तं... बंद हाय... बाबू."

धरती माय, फाट! सारी गल्ली चावीकडे पाह्यते, मंग माह्याकडे पाह्यते. नव्या टोपीकडे पाह्यते. खिशातून डोकावनाऱ्या बत्ताशाकडे पाह्यते. सारं समजलं साऱ्याईले.

धुरपता म्हनली, "तुमी चुप बसा जी! चावी बंद हाय तं गाडी बंदच पडन ना! का नाचन?" अन् मले म्हन्ते, "हात धू. पान वाढतो."

जेवलो. सुवारी, वडे, लाखोरीची डाळ. कोनी हसलं नाही, तेच जास्त झोंबलं. निघालो तवा धुरपता दारापर्यंत आली, हळूच म्हन्ते, "पुढच्या डावाले इतल्या दुरून नको ढकलू रे, बुढा होशीन. इथीच, दारातच बंद करत जा चावी."

आता करतो. दर आठवड्याले दारातच चावी बंद करतो. पन गल्ली आता जमत नाही, मालूम हाय साऱ्याईले. धक्का लागत नाही तं पोट्टे कायले येतीन? फक्त धुरपता बाहेर येते, गुळाचा चहा देते, अन् आता वयानं अर्धा चहा बशीतच सांडते. चुन्नीलाल भेटला का अजून म्हन्ते, "दस साल की गारंटी, बाबूजी!" मी म्हन्तो, हो भाऊ, गाडीची देल्ली, बुढीची कोन देईन? ते गेली का मंग मी चावी कोनाच्या दारात बंद करू?

चला, निघतो. फुलचूरले भात वाट पाहून राह्यला. ... बसा, बसा, उठू नका कोनी, धक्का माराले येता का? नाही जी, धक्का नाही लागत आता.

सुधरली ना.